कणगीत ठेव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असं ती अख्ख्या खालापुरात सांगत असते.

माझं संगणकाचं दुकान आहे. टेंपोवर हमाली करून उभं केलेलं. घासाघिशीत मला तोड नाही, रागातही नाही. आसपासच्या शाळांना संगणक मीच देतो, आतली सॉफ्टवेअरही मीच घालतो. कर्जतकडे, डोंगराखालच्या एका शाळेत नव्या बाई आल्या आणि म्हणाल्या, शेठ, ही विकतची नकोत. मुक्त सॉफ्टवेअर घालू. फुकट मिळतं, उघडून बघता येतं, हवं तसं बदलताही येतं. तुमचं उघडून दाखवा बरं! ते कुलूपबंद असतं, मला कुठून येणार? वर्गातल्या पोरी हसल्या. बाईंनी सगळे संगणक स्वतःच बदलून टाकले. ते हसणं मात्र माझ्यात — काय सांगू — कुसळासारखं रुतून बसलं.

मग पालकांच्या सभेत मी उभा राहिलो. समोर डोंगरावरच्या आदिवासी वाडीवरचे आईबाप. आमच्या पट्ट्यात फुकट या शब्दाला काय वास येतो, ठाऊक आहे तुम्हाला? फार्महाऊससाठी जमिनी हव्या होत्या, तेव्हा दलाल आधी फुकटच वाटायचे. जेवण, साड्या, बाटल्या. कागद नंतर पुढे यायचा. माझ्या बापाचा अंगठा असाच गेला, मटणाच्या रश्श्याने बरबटलेला. म्हणजे कळ कुठे दाबायची, हे मला शिकवायला नको होतं. मी एवढंच म्हणालो, फुकट देणारा शेवटी अंगठा मागतो.

मागून एक म्हातारी उठली. "बरोबर हाय शेठचं. फुकाट कोन देतं गं बाई? आमचं रान असंच गेलं. काढून टाका ते!"

बाई समजावत राहिल्या. कोण ऐकतंय? काढायचं काम माझ्याकडेच आलं.

इथवर तुम्ही म्हणाल, धंदा आहे, चालायचंच. पण पुढचं —

सुट्टीच्या दिवशी, बाईंना न कळवता गेलो. पहिला संगणक सुरू केला. पडद्यावर इंग्रजी नव्हतं. पुस्तकातली मराठीही नव्हती. वाडीची बोली होती! मला ती अर्धीच कळते, कळली तशी सांगतो. काम जतन करायचं, तिथे पोरींनी लिहिलं होतं — कणगीत ठेव. शोधायचं, तिथे — हुडक. चूक मागे घ्यायची, तिथे — फिर माघारी.

मी खाली बसलोच. आयुष्यभर पेट्या विकल्या, पण पेटीच्या आत जाऊन कुणाला आपली भाषा पेरता येते, हे मला माहीत नव्हतं. ज्या बोलीची नक्कल करून मी बाजारात भाव पाडले, त्या बोलीत यंत्र माझ्याशी बोलत होतं. एकेक शब्द उघडून बघत राहिलो. इतकं मोठं काही मी आधी पाहिलं होतं का? नाही. शपथेवर सांगतो, नाही.

पेनड्राईव्ह खिशात होता. ते सगळं उतरवून घ्यायला चहाएवढा वेळ लागला असता. नाही घेतलं. हसणं आठवलं — आणि एकेक करून सगळे संगणक पुसले.

नंतर बाई दुकानात आल्या. "दादा, मुलींचं काम तेवढं काढून ठेवलंत ना?"

मी म्हणालो, आत काहीच नव्हतं बाई, सगळं आधीच उडालेलं. फुकटचं टिकतं का कधी?

त्यांना ते खरं वाटलं. पोरींनाही. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, असं त्या समजतात. अजूनही. त्यातली एक परवा नाक्यावर दिसली, तर तिनेच मान खाली घातली.

शेवटचा संगणक पुसण्याआधी जरा वेळ बंद केला होता. हात थांबला होता माझा. बंद करायच्या जागी पोरींनी लिहिलं होतं — निजव.

मी त्याला निजवलं. मग पुन्हा चालू केला, आणि पुसला.