रुखवतातले किडे

आमच्या यजमानाईले सारं जुनं शहर ‘किडेवाला देवानंद’ म्हणते. धंदा फुलाचा, मोर्णा नदीच्या पुलापाशी हाराचा गाळा, आज्या-पणज्यापासून आमी माळी. पण नाव पडलं ते किड्याईचं! पयले मले लय राग ये. आता कोणी तसं म्हणलं की डोये भरून येतात.

किडे म्हंजे खरे नाई वं माय, जुने खेळणे. प्लास्टिकचा भुंगा, नाकतोडा, मुंगळा. पाठ उघडली, पाय मुडपले, डोकं आत ढकललं की त्याचा रोबोट होते. उलटं केलं की पुन्हा किडा. आमच्या लहानपणचे, परदेशात बनलेले. शाळेत असताना आमच्या याईनं असा एक भुंगा एका डॉक्टरच्या पोराजवळ पायला होता. त्यानं हात नाई लावू देला. मोठेपणी भंगारवाल्याच्या पोत्यात तसाच एक सापडला, अन् माणूस गेला हातचा! मंग अमरावतीचा जुना बाजार धुंडाळ, मुंबई-पुण्याच्या शौकीन लोकाईले व्हॉट्सॲपवर मस्का लाव, हेच सुरू. मी म्हणो, “सारी दुनिया किडे मारून रायली, अन् तुमी काहून पाहुण्यासारखे घरात आणून रायले?” ते नुसते हासत.

आमची एकुलती एक पोरगी प्रतीक्षा, बापाची पक्की शागीर्द. गाळा बंद झाला की बापलेक चटईवर बसत अन् एकएक किडा फिरवत. किड्याचा रोबोट, रोबोटचा किडा. नुसता ठेवून देला तं सांधे धरतात म्हणे. मी चुलीजवळून ‘जेवाले या, जेवाले या’ ओरडो, दोघंही बहिरे. याईचे हात दिवसभर फुलात असत, पण याईचा जीव त्या चटईवर होता.

प्रतीक्षाचं लग्न भातकुलीच्या विपुलशी जमलं. शेतीवाले लोक, मनानं चांगले. रुखवत मी मांडलं. लोकरीचं तोरण, रंगीत कुरड्या, साखरेचं तुळशी वृंदावन. तं पोरगी म्हणते, “बाबा, लोक जलमभर तुमाले हासले. माह्या लग्नात तुमचे किडे सगळ्याईनं पायले पायजे.” झालं, बाप पाघळला.

मी बजावलं, “अहो, रुखवतावर ठेवलेलं सासरी जाते, हे लहान लेकरालेई ठाऊक हाय. वेगळा टेबल मांडा.”

“वेगळ्या टेबलाकडं कोण ढुंकून पाह्यते? अन् रुखवत तं सारे पाह्यतात. बिदाईच्या आधी उचलून घेतो मी.”

लोकाईनं पायलंही, बाप्पा! रांगा लागल्या. हे नव्या सदऱ्यात उभे राहून भुंग्याचा रोबोट करून दाखवत, अन् म्हातारे-कोतारे टाळ्या वाजवत. याईले इतकं खुशीत मी कधी पायलं नव्हतं. मंग बिदाई आली. हे पोरीच्या गळ्यात पडून रडले, तिकडं विहिणींनी भराभर रुखवत खोक्यात भरलं. डोये पुसून मांडवात आले तं टेबल साफ.

आता मागाचं कसं? लेकीले देलेलं रुखवत वापस मागणारा बाप आमच्यात पैदा नाई झाला. जलमभर पोरीची मान खाली! अन् नव्या नवरीनं तरी कोणत्या तोंडानं म्हणाचं? हे रोज फोनवर इचारत, “फिरवते न वं बाई?” ती म्हणे, “हो बाबा.” तेवढ्यावर याईले दोन घास गोड लागत.

मंग व्याह्याईनं जेवाले बोलावलं. याईनं खिशात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी टाकली. मले म्हणतात, “एकडाव हातात घेऊ देतीन न?” लहान लेकरासारखं इचारलं हो.

बैठकीत काचेचं नवंकोरं कपाट. आत दिवे लावलेले, अन् सारे रोबोट रांगेत उभे. व्याही केशवराव कौतुकानं सांगू लागले, “तुमची एवढी मोलाची वस्तू, अन् घरातले लेकरं ओढाताण करून रायले होते. दोन रोबोटचे पाय निखळले तवा माहा जीवच उडाला. मंग मी सोता बसलो अन् एकएक सांधा फेविक्विकनं चिपकवून टाकला. आता शंभर वर्ष हालत नाई, व्याही!”

याईनं कपाटातून भुंग्याचा रोबोट काढला. पाठीवर अंगठा ठेवून हळूच दाबला. नाई हालली. डोकं बाहेर ओढून पायलं, तेही नाई. प्रतीक्षा ताट घेऊन दारात उभी होती. तिचं तोंड पायलं अन् मले उमगलं, माही लेक इतके दिवस बापाशी खोटं बोलून रायली होती.

“लय मायेनं ठेवले तुमी,” हे म्हणाले. भुंगा जागेवर ठेवला. जेवाले बसले, पुरणपोळी मागून घेतली.

माह्या अंगाची नुसती आग होत होती. पण चिडू तं कोणावर? निघताना म्हणलं, “सांगा न त्याईले काय झालं ते.”

“काय सांगू? माणसानं मायेनं केलं. समजलं तं त्याचाच जीव तुटीन. अन् पोरीले तथीच नांदाचं हाय.”

एस्टीत बसल्यावर बडनेऱ्यापर्यंत खिडकीकडं तोंड करून होते. मंग तोंडाले रुमाल लावून असे रडले, असे रडले, की सारी बस मांगं वळून पाहू लागली. बाजूच्या म्हाताऱ्या बाईनं माह्या हातावर हात ठेवला. “कोण गेलं वं माय?”

प्लास्टिकचे किडे, असं कसं सांगू तिले? “घरातलेच गेले, माय,” मी म्हणलं, अन् मलेही रडू फुटलं.