ठकीचा उपास

ठकीच्या नसबंदीची तारीख ठरली आणि माझी झोप उडाली. ठकी म्हणजे आमची कुत्री. बदली होऊन गाझियाबादला आलो, तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी कुडकुडत बसलेलं हे पिल्लू मीच उचलून घरी आणलं होतं. ऑपरेशन तिच्या तब्येतीसाठीही चांगलं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटत होतं; पण देवघरातल्या दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे पाहिलं की वाटे, या मुक्या जिवाचं आईपण आपण परस्पर काढून घेतोय. शिवाय तिला भूल सोसली नाही तर? आमचे हे म्हणाले, "अगं, दत्तगुरूंजवळ चारच कुत्री आहेत. चाळीस झाली असती तर त्यांनीही डॉक्टर गाठला असता." मी हसले, पण धीर काही येईना.

रात्रीपासून तिच्या पोटात काही जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली तर जिवावरच बेतायचं. नंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचा कोन घालायचा असतो. त्याची सवय व्हावी म्हणून तो आधीच चढवला होता. त्यात ठकी लाउडस्पीकरसारखी दिसे आणि प्रत्येक दाराला धडके. ऑपरेशनच्या दिवशी, मंगळवारी, मीही तिच्यासोबत उपास धरला. सगळा बंदोबस्त चोख होता, आणि निघायच्या गडबडीत दार मीच उघडं टाकलं.

ठकी पसार. कोपऱ्यावर हनुमानजींचा दर मंगळवारचा भंडारा होता आणि पुऱ्या तळल्याचा वास पार जिन्यापर्यंत आला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुणीही प्रेमानं तिला पुरी घालणार, आणि खाल्लं की नाही हे ती मला कसं सांगणार? मी अनवाणीच धावले. आजवर सगळ्यांना पोटभर मिळू दे म्हणून हात जोडले होते, त्या दिवशी मात्र म्हणत होते, "गुरुदेवा, माझ्या लेकराला उपाशी ठेवा!"

कढईशेजारी एक दणकट पंजाबी बाई पुऱ्या लाटत होत्या. ठकीला त्यांनी आपल्या ओढणीनं टेबलाच्या पायाला बांधून ठेवलं होतं.

"आपकी है? गले में ये देखा तो समझ गई, ऑपरेशनवाली है. मेरी वाली का भी हुआ था. आते ही पकड़ लिया, एक दाना नहीं खाने दिया. सबसे लड़ी हूँ इसके लिए!"

मला रडूच फुटलं. "अरे, रो क्यों रही हो? जाओ, देर हो जाएगी," म्हणत त्यांनी ओढणी सोडली.

दवाखान्यात ठकीचा पट्टा दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली. हा क्षण मला झेपणार नाही, असं आठवडाभर वाटत होतं. पण जिला साधं दार लावता आलं नाही, ती मी कुणाचं काय रक्षण करणार? सकाळी ज्या दत्तगुरूंनी सांभाळलं तेच पुढेही सांभाळतील, असं मनात आलं. पट्टा दिला आणि खरोखरच निश्चिंत झाले. संध्याकाळी ठकी झोकांड्या खात बाहेर आली आणि कोनासकट माझ्या मांडीत शिरली. तेव्हा झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

अशी धावून आलेली माणसं पुन्हा दिसत नाहीत, असं म्हणतात. मला मात्र त्या बाई पुढच्याच मंगळवारी भंडाऱ्यातच भेटल्या. पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "ये सब छोड़ो, इधर बैठो, पूरियाँ बेलो." तेव्हापासून दर मंगळवारी जाते. हल्ली माझं देवाजवळ मागणं कमी आणि पुऱ्या जास्त होतात.