फुगा कोणी दाबायचा

अकोल्याच्या दवाखान्यात आईला रक्त चढवत होते. मी अमरावतीहून सकाळच्या गाडीने आले होते. वॉर्डात तीसेक खाटा आणि दोन सिस्टर. दुपारी एक सिस्टर पेशंटला घेऊन स्कॅनला गेली, म्हणजे एकच उरली. रक्त सुरू करून ती थोडा वेळ आईजवळ थांबली. जाताना म्हणाली, "ताई, थंडी वाजली, दम लागला, तर लगेच हाक मारा." पेशंटवर लक्ष ठेवायचं काम तिथे नातेवाइकांचंच. सलाईन संपत आलं की सांगायचं, लघवीची पिशवी भरली की सांगायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

समोरच्या रांगेत तेल्हाऱ्याकडचा एक माणूस होता. साप चावलेला. श्वास बंद पडलेला, घशात नळी आणि नळीला रबरी फुगा. फुगा दाबला की छाती वर यायची. आयसीयूत जागा होईपर्यंत तो हातानेच दाबायचा होता. सकाळपासून त्याची बायको दाबत होती. तिची बोटं आखडली, तेव्हा सिस्टरने फुगा स्वतःकडे घेतला.

तेवढ्यात आई म्हणाली, "मले थंडी वाजून राहिली."

बाहेर मे महिना होता. तिचे दात वाजू लागले, खाट हलू लागली. मी ओरडले, "सिस्टर!"

"रक्त बंद करा! नळीवरचं चाक खाली सरकवा!" ती तिथूनच ओरडली. तिला फुगा सोडता येत नव्हता.

मी चाक सरकवलं. थेंब थांबले, आईचं कापणं थांबेना. तिचे ओठ काळे पडत चालले होते आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत होता. ते सांगितल्यावर सिस्टर म्हणाली, "इंजेक्शन द्यावं लागेल. ताई, इकडे या, हे धरा."

"मला येत नाही."

"मला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. या!"

आईला तशीच सोडून मी गेले. "दाबा, सोडा. छाती वर येते का पाहा. तुमच्या श्वासाबरोबर दाबा," एवढं सांगून ती धावली. माझा श्वास इतका जोरात चालला होता, की त्याबरोबर दाबलं असतं तर तो माणूस माझ्या भीतीनेच मेला असता.

"हळू, बाई," त्याची बायको म्हणाली. "फुटन ना तो."

आई माझ्या पाठीमागे होती. ट्रे आपटल्याचा आवाज आला. काही वेळाने दातांचा आवाज थांबला. थांबला ते चांगलं की वाईट, मला कळेना. मी मागे वळले, तर त्या बाईने माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं. "इकडं पाहा! माहा माणूस हाय हा."

मी पाहिलं. दाबलं. सोडलं.

तिला माझी दया आली असावी. "तुमच्या मायले मी पाहून येऊ काय?"

"जा. लवकर."

ती गेली आणि तिथूनच ओरडली, "बाई, डोये उघडले! पाणी मांगून रायली. देऊ काय?"

"सिस्टरला विचारा!"

"सिस्टर त नाई इथं. ते कोपऱ्यातल्या खाटेकडं पयाली."

"मग देऊ नका," मी ओरडले. माझ्या हाताखालची छाती वर आली, खाली गेली, आणि मी पुन्हा दाबलं.