नुसतं पिवळं, की गोडही?

शेवटच्या भेटीत प्रभाकर सरांनी मला केळं खायला दिलं होतं. लोधीपुऱ्यातल्या घरी ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. आवाज खोल गेला होता, पण नजर माझ्या तोंडावर खिळलेली. "बोला मास्तर, नुसतं पिवळं, की गोडही?" घास गिळून मी म्हणालो, "रंग सुरेख आहे, सर... पण चव फिकी आहे." त्यांनी डोळे मिटले. मी थोडा वेळ बसलो, त्यांच्या उशाशी पाणी भरून ठेवलं आणि निघालो. आठवडाही लोटला नाही, तोच त्यांचा धाकटा भाऊ सुनील याचा फोन आला. "मास्तर, भाऊ गेले."

सरांनी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं; मी शाळेत गणित शिकवतो. पत्नीच्या निधनानंतर ते एकटे राहत, मी तर पहिल्यापासूनच एकटा. निवृत्तीनंतर त्यांना एकच ध्यास होता. निंबोला गावातल्या सुनीलच्या बागेतून केळ्यांची कच्ची फणी आणायची, झाकणाच्या पिंपात दोन पिकल्या केळ्यांशेजारी ठेवायची आणि रोज तिची साल, गर, वास तपासायचा. पिकतं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, तोच शेजारच्या कच्च्या फळाला पिकवू लागतो. हे फळांचं संप्रेरक, असं ते समजावीत. मात्र त्यांना मधुमेह होता. "माझ्या रक्तात साखर भरपूर आहे," ते हसून म्हणत, "केळ्यात किती आहे, ते तुम्ही सांगा." अशा रीतीने मी त्यांची जीभ झालो.

मी वाईट जीभ ठरलो. समोरच्याचं मन मोडू नये, हा माझा स्वभाव; म्हणून केळं पिठूळ असलं तरी मी "छान आहे" म्हणायचो. एकदा त्यांनी मुद्दाम अर्धकच्चं केळं पुढे केलं. मी तेही वाखाणलं. सर कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, हे काय लग्नातलं जेवण आहे, तारीफ करायला? तुमच्या लिहाजापायी, या भिडेपायी, माझा प्रयोग मेला!" मी लाजलो, आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा तसाच वागलो.

प्रयोगामागे वाद होता. भाव चढला की व्यापारी घाई करत आणि सुनील घड भरण्याआधीच उतरवी. "भाऊ, गॅस दिला की सगळं पिवळंच होऊन राहिलं ना!" तो म्हणे. सर सांगत, "बाबा रे, इथिलीन नुसती हाक मारतं. घरात कुणी असेल, तरच बाहेर येईल. झाडावर गर भरलाच नाही, तर गोडी येईल कुठून?" सुनील मान हलवी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कोवळे घड ट्रकमध्ये चढवी.

अंत्यसंस्काराला गर्दी होती, तरी मी एकटाच उभा होतो. आजारी माणसाने प्रेमाने दिलेल्या घासाला मी फिकं म्हटलं... इतकी वर्षं खोटं बोलणाऱ्याने नेमका तोच दिवस खरं बोलायला का निवडावा? त्यांचे मिटलेले डोळे मला दिसत राहिले. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. ज्याला विचारावं, असं माणूस एकच होतं, आणि तेच गेलं होतं.

परवा सुनील फणी घेऊन घरी आला. "त्याच बागेतली, मागच्या वाफ्यातली आहे," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी गेल्यावर भाऊंनी मला फोन केला. खुश होते एकदम. म्हणे, आज मास्तर खरं बोलले. आता तरी ऐक, बाकीचे घड उतरवू नको. व्यापारी भडकला, पण मी थांबलो. पूर्ण भरल्यावरच काढले."

त्याच्यासमोर मी एक केळं सोललं. साल पातळ होती, वास आधीच खोलीभर झाला होता. घास जिभेवर विरघळला, आणि मला प्रथमच काहीही वाढवून सांगण्याची गरज नव्हती. मी सुनीलकडे पाहिलं. तो विचारील म्हणून थांबलो.

त्याने घड्याळ पाहिलं. "मास्तर, निंबोल्याची बस इथून किती वाजता आहे?"

मी वेळ सांगितली. तो गेल्यावर उरलेलं केळं उभ्यानेच संपवलं.