खोकेवाले तात्या

कुणाच्या घरी नवा फ्रिज आला की लोक फ्रिज बघतात. तात्या खोका बघायचे. आमच्या कांजूरच्या घरी पहिला फ्रिज आला, तेव्हा आईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तो तोंडात टाकून ते थेट जिन्यात गेले आणि तिथे ठेवलेला फ्रिजचा खोका कोपराने दाबत बसले. "फार जाड आहे गं. नाही चालणार," म्हणत मान हलवत परत आले. आईला वाटलं, फ्रिजच खराब निघाला.

हिंदी सिनेमात हिरॉइन तिसऱ्या मजल्यावरून उडी टाकते तेव्हा खाली काय असतं, ते पडद्यावर दिसत नाही. खाली खोके असतात. रिकामे, पुठ्ठ्याचे, तीन-चार थर रचलेले. वर गाद्या, त्यावर ताडपत्री. ते लावायचं काम तात्यांचं, आणि हिरॉइनच्या ऐवजी उडी मारायचं काम माझं. अंधेरीतल्या दुकानांच्या मागच्या दारांनी हिंडून ते खोके जमवायचे. वेफर्सचा खोका त्यांचा लाडका, टीव्हीच्या खोक्यावर त्यांचा राग. दुकानदार माणूस म्हणून कसा आहे, हेसुद्धा ते त्याच्या खोक्यांवरून ठरवायचे आणि दर वेळी सपशेल तोंडावर पडायचे.

मला पडायला त्यांनीच शिकवलं. आधी स्टुलावरून, मग टेबलावरून, मग पाण्याच्या टाकीवरून. "उडी कोणीपण मारतं," ते म्हणायचे, "पाठीवर पडता आलं पाहिजे. आणि हनुवटी छातीला लाव, किती वेळा सांगू?" चुकलं की सगळ्यांदेखत ओरडायचे. मग निघताना गुपचूप वेफर्सचं एक पाकीट पुढे करायचे. त्यांच्याकडे ते नेहमीच असायचं, कारण रिकामा खोका मागायचा तर काहीतरी विकत घ्यायलाच हवं, अशी त्यांची समजूत होती.

त्यांचा एक नेम होता आणि त्यापायी सगळी प्रॉडक्शनवाली मंडळी वैतागायची. खोके लावून झाले की पहिल्यांदा तात्या स्वतः त्यावर पडायचे. साठी जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे. चष्मा काढून कुणाच्या तरी हातात द्यायचे, पहिल्या मजल्यावर चढायचे आणि धान्याच्या पोत्यासारखे धप्पकन खाली यायचे. क्षणभर तसेच पडून विचार करायचे आणि म्हणायचे, "चालेल." मग दबलेले खोके काढून सगळे थर पुन्हा नव्याने लावायचे. म्हणजे खोके दुप्पट, वेळ दुप्पट. पोरं हसायची. मीही हसले आहे.

मग तो मोठा सिनेमा आला. मारामाऱ्या, स्फोट, पाठलाग, सगळा मसाला. विक्रोळीच्या एका बंद कारखान्यात हिरॉइन तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारते, असा शॉट होता. तोवर मी लहानसहान पडापडी करत होते. ही उडी नीट झाली तर मला स्टंटवाल्यांच्या संघटनेचं कार्ड मिळणार होतं, म्हणजे कायमचं काम. त्या उडीसाठी मी अक्षरशः वेडी झाले होते.

प्रॉडक्शन मॅनेजरने या वेळी वेळ वाचवायला कोरे खोके टेम्पो भरून आणवले होते. सगळे खालून-वरून टेप लावून पक्के बंद केलेले, एकदम चकाचक. तात्यांनी एकावर कोपर दाबला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे कोणी चिकटवलं?"

"मीच सांगितलं. बघा ना, कसे फिट आहेत!"

"आत हवा कोंडली की खोका दबत नाही, राव. पोरगी यावर पडली तर कंबर जाईल तिची."

एवढं बोलून ते खाली बसले आणि ब्लेडने एकेक टेप कापायला लागले. दीडशे तरी खोके होते. दुपारचं ऊन उतरायला लागलं. डायरेक्टर वरून ओरडत होता, मॅनेजर हात जोडत होता, "तात्या, एक उडी आहे यार, लाइट जाईल!" आणि खरं सांगायचं तर मीही डायरेक्टर-मॅनेजरच्याच बाजूची होते. खिडकीतून ओरडले, "तात्या, मी मारते ना! सोडा ना आता!"

त्यांनी मान वर केली नाही. "तू गप उभी राहा," एवढंच म्हणाले आणि पुढचा खोका ओढला.

ऊन उतरलं, लाइट गेला. शॉट दुसऱ्या दिवसावर गेला. रिक्षात मी रागाने रडले, त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते पडले, "चालेल" म्हणाले, खोके परत लावले आणि मी उडी मारली. पडद्यावर ती तीन सेकंदांची आहे. टाळ्या पडल्या. मला कार्ड मिळालं. तात्यांना मॅनेजरने "पुढच्या शेड्यूलला कळवतो" म्हटलं आणि कधीच कळवलं नाही. म्हातारा शूटिंग अडवतो, असं सगळीकडे झालं आणि त्यांचा फोन वाजायचा थांबला.

माफी मागायला मी त्यांच्या चाळीत गेले. दारातच रडायला लागले. तात्या मुळा चिरत होते. "काम माझं गेलं, कंबर तुझी होती," म्हणाले. "रडतेस कसली? चहा ठेव." मला त्यांचा फार राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. तो स्वतःवरचा अजून गेलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी तात्या गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. मी अजूनही उड्या मारते. आता बहुतेक ठिकाणी हवेच्या मोठ्या गाद्या असतात. असल्या तरी मी स्वतः त्या तपासते आणि आधी खालच्या मजल्यावरून पडून बघते. त्यावरून लोक मलाही नावं ठेवतात. ठेवोत.

मागच्या महिन्यात बोरीवलीला एका सिनेमाचा मोठा शॉट होता. मी अट घातली, शेवटी नावांची यादी येते त्यात तात्यांचं नाव पाहिजे. लॅपटॉप घेऊन बसलेली प्रॉडक्शनची मुलगी गोंधळली.

"मॅडम, ते या फिल्मवर होते?"

"नाही. ते वारले."

"मग कसं घालणार? त्यांनी काम काय केलं, काय लिहू?"

सगळे खोळंबले होते. कोणीतरी "लाइट जातोय" म्हणून ओरडलं. मी त्या मुलीसमोर तशीच उभी राहिले.

"मी वीस वर्षं उंचावरून पडतेय," मी म्हटलं, "आणि माझं एकही हाड मोडलेलं नाही. ते काम त्यांचं."

मग तिने तात्यांचं पूर्ण नाव विचारलं, लिहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ते वाचून मी जिना चढायला लागले.