काळपट बाटली, गोरी नको

रांधायची हौस असलेल्या माणसाला नाताळची भेट निवडण्यापेक्षा सापाला मोजे घालणं सोपं, असं मी छातीठोकपणे सांगतो. कारण माझ्या घरमालकिणीच्या पडवीतल्या खोलीत मी बरीच वर्षं काढली आहेत. लातूरकडून आठवी अर्धवट टाकून आलो, गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात स्टीलच्या डावांना पॉलिश मारायला लागलो आणि वसईतल्या एका ख्रिस्ती वाडीत ही खोली मिळाली. पहिल्या संध्याकाळी घरमालकीण मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खोली नंतर बघ, आधी जेव." त्या ताटाचे उपकार एवढे मोठे, की या बाईची मर्जी फिरली तर आपण कुठं जायचं, ही धास्ती मला जेवतानासुद्धा असे.

आणि मर्जी फिरायला भेटवस्तू पुरत असे. एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या सुनेने एका नाताळाला नॉनस्टिक तवा आणला. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. "ज्याला काय चिकटत नाय, त्याला चव तरी कशी चिकटंल गो?" दुसऱ्या दिवशी त्यात कोंबड्या पानी पीत होत्या, पानी हे मावशींचं, मी मनातल्या मनात पाणी म्हणायचो. पुढच्या वर्षीचा मिक्सर क्रोशाचं झबलं घालून कपाटावर बसला, तो कायमचा. नाताळला त्याचं झबलं तेवढं बदलत. भेट आलेल्या वजनकाट्यावर शेजारणीचं तान्हं बाळ दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तोललं जाई. रंगीत चित्रांचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलं, आणि हीच भेट सगळ्यांत कामाची निघाली असं त्या पाहुण्यांना टेबल हलवून दाखवत. मी स्वतः पॉलिश केलेला डाव दिला होता. "लय चकाकतो रे. कालवनात मासा कमी, माझंच तोंड जास्त दिसतं."

तेव्हा पुढच्या खेपेला मी शहाणपणा केला. सरळ विचारलं, "मावशी, नाताळला काय आणू?"

"बाटली आन एक. मोठी. काळपट पायजे, गोरी नको."

आमच्याकडे बाटलीला एकच अर्थ, आणि तो मोठ्या आवाजात कुणी उच्चारत नाही. शिवाय माझ्या आधीच्या भाडेकरूच्या खाटेखाली बाटली सापडली, तेव्हा मावशींनी त्याची वळकटी थेट विहिरीपाशी नेऊन ठेवली होती. कारखान्यातला जोडीदार म्हणाला, "काळपट म्हंजे बियर. म्हातारी तुझी परीक्षा घेतेय." पण आणली तर पास की न आणली तर, हे त्याला सांगता येईना. शेवटी वाडीतलं कुणी बघू नये म्हणून पार तुळिंजला गेलो. दुकानदाराने विचारलं, "थंड की साधी?" म्हाताऱ्या माणसाला बाधू नये म्हणून साधी घेतली. चांदण्यांचा कागद गुंडाळला. वळकटीही बांधून ठेवली, म्हणजे मावशींना तेवढा त्रास नको.

नाताळच्या आदल्या दिवशी, सून फुग्यांचं, म्हणजे तळायच्या गोल पावांचं, पीठ फेटत असताना, मावशींनी कागद सोडला. सुनेचा हात थांबला.

"भरलेली कशाला आनली?"

"रिकामी कशी देणार, मावशी? बरं दिसत नाही."

मावशी आधी पाटावर बसल्या, मग हसायला लागल्या, ते पदराने डोळे पुसेपर्यंत. "अरे गाढवा, मसाल्याला पायजे. उन्हाळ्यात मसाला कुटतो ना आमी? काळपट बाटलीत ठासून भरला की उजेड लागत नाय, वर्षभर टिकतो. तुला काय वाटलं, मी पिते?" पीठ आंबवायला ताजी माडी आणून देणाऱ्या माडीवाल्याने त्या दिवशी दगा दिला होता आणि पीठ आंबेना, म्हणून मावशींनी अख्खी बाटली पिठात रिकामी केली. फुगे असे टम्म फुगले, की पाहुणे गुपित विचारू लागले. "यंदा देशावरची माडी हाय," मावशी गंभीरपणे म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी चार टाकले. वळकटी मी गुपचूप सोडली.

पुढे लग्न झालं, तुळिंजला बिऱ्हाड केलं. निघताना मावशींनी तीच बाटली मसाल्याने ठासून हातात दिली. "संपली की धुऊन आन. बाटली नाय, तर मसाला नाय." बायकोला बाई कंजूष वाटली. मलाही थोडी वाटली. भंगारात अशा बाटल्यांचे ढीग पडलेले असतात. पण दर उन्हाळ्यात रिकामी बाटली घेऊन जावं लागे, जेवल्याशिवाय सुटका नसे, आणि संध्याकाळी भरलेली घेऊन परत. बाटलीच्या निमित्ताने आपल्यालाच परत मागवतात, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

मावशी गेल्या तेव्हा बाटली माझ्याकडे होती, अर्धी भरलेली. चिमटीचिमटीने पुरवली. आता ती धुऊन ओट्यावर उपडी ठेवली आहे. बायको अधूनमधून म्हणते, उचला ती अडगळ. मी म्हणतो, असू दे, परत द्यायची आहे.