इफ्तारचा फोटो

अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एका मैत्रीसंस्थेला लंडनच्या ईलिंग भागातल्या आमच्या हॉलमध्ये इफ्तार करायचा होता. हॉलच्या कमिटीत त्यांच्या बाजूने मी एकटीच बोलले. मी मूळची रत्नागिरीची. कॉलेजात असताना अमेरिकन सरकारच्याच खर्चाने वर्षभर तिकडे राहून आले होते. ज्या घरी राहिले तिथली बाई रमजानभर माझ्याबरोबर पहाटे उठायची, मला एकटीला जेवायला लागू नये म्हणून. अशी माणसं पाहिली आहेत मी. म्हणून म्हटलं, येऊ द्या त्यांना.

माझ्या शेजारी येमेनमधून आलेली एक म्हातारी राहते. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. तिची एकुलती एक मुलगी अमेरिकेत, कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली. खालाला एकदा तिला भेटायचं होतं, पण येमेनच्या लोकांना व्हिसाच बंद. निदान कुणाच्या तरी कानावर घालता येईल, या आशेने ती इफ्तारला आली.

संस्थेच्या बाई चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. डोक्यावर ओढणी, बोलण्यात मार्दव. फक्त भाषण आवरेना. ‘आमची दारं तुमच्यासाठी उघडी आहेत’ इथवर त्या आल्या आणि मगरिबची, रोजा सोडायची, वेळ झाली. पाहुणी बोलत असताना खायचं कसं, म्हणून अख्खा हॉल खजूर हातात धरून ताटकळत बसला. शेवटी खाला उठली आणि तिने आपल्या हातातला खजूर बाईंच्या हातावर ठेवला. आता पुरे, हे वडीलधाऱ्या माणसाने याहून सभ्यपणे कसं सांगायचं? बाईंचे मात्र डोळे भरून आले. कॅमेऱ्याने नेमकं तेवढंच टिपलं.

जेवताना खालाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलीचं सगळं सांगितलं.

“व्हिसाचं काम आमच्याकडे नसतं हो,” बाई हळहळून म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. मग उघडी दारं कुणाची, अल्ला जाणे.

तो फोटो त्यांनी सगळीकडे झळकवला. खाली मैत्रीबद्दल चार गोड ओळी. आमच्या हॉलमधल्या पोरी तो बघून खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. माझं डोकंच फिरलं.

उन्हाळा संपता संपता मुलगी गेली. खालाने तिचं दफन माझ्या सोफ्यावर बसून फोनवर पाहिलं. मी त्या संस्थेला चार शिव्या घातल्या आणि म्हटलं, “खाला, त्या फोटोवर कुणीसुद्धा विश्वास ठेवला नाही.”

“माझ्या मुलीने ठेवला,” खाला म्हणाली. “अमेरिकन लोक तुला एवढं मानतात, मग तू येत का नाहीस, असं विचारायची. व्हिसा देत नाहीत म्हटलं की गप्प व्हायची. आईलाच यायचं नाही, असं समजून गेली ती.”